उरलेल्या रात्रीची जागल

अंबत्तूर
रविवार, ५ जुलै

अक्का,

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की मला रात्री झोप लागत नाही. हे खरं नाही. झोप येते. दिवा मालवला की थोड्या वेळात डोळे जड होतात, हातपाय सैल पडतात आणि नेमक्या त्याच क्षणी मी दचकून उठून बसते. झोप दाराशी येते आणि मी आतून कडी घालते. कंपनीच्या दवाखान्यातही मी 'लागत नाही' असंच सांगितलं. त्यावरून डॉक्टरबाईंनी गोळी दिली. तीही मी गिळत नाही, कारण गोळीने खरंच झोप लागली तर काय, याची भीती वाटते. त्यांना उद्या खरं सांगणार आहे. तुला आज सांगते.

तुला वाटेल, आबांचं ऐकून ही माझ्या लग्नाला आली नाही, चार वर्षं विचारपूस केली नाही, आणि आता हिला अक्का आठवली. वाटू दे. फोन न करता पत्र का लिहिते, तेही सांगते. फोन हातात घेतला की माझं बोट आपोआप कॅमेऱ्यावर जातं. कसला कॅमेरा, ते पुढे येईलच. अक्षर मोठं काढलं आहे. दुकानाच्या माळ्यावर बसून मी तुला जी अक्षरं शिकवली, त्यांच्या बाहेरचं एकही जोडाक्षर तुला अडू नये असा प्रयत्न आहे.

तात्या गेले, हे तुला कोणी कळवलं का? सख्खा भाऊ गेला तरी आबांनी तुला कळवलं नसणार. दोन वर्षं होतील. तिकडे आंध्रातल्या त्यांच्या दुकानात, थंडीच्या दिवसात. भट्टी विझली असं समजून त्यांनी शटर आतून ओढून घेतलं आणि झोपले. राखेखाली निखारे राहिले होते. सकाळी गिऱ्हाइकाने शटर वाजवलं, तेव्हा कोणी उघडलं नाही. दहाव्याला सगळे एकच वाक्य बोलत होते: "झोपेतच गेला, तरास झाला न्हाई." सगळ्यांना त्याने बरं वाटत होतं. माझ्या मनात त्याच वाक्याची भीती बसली.

आणि आबा अजून दुकानातच झोपतात, शटर ओढून. गलाईचं दुकान, लोकांचं सोनं-चांदी आटणीला आलेलं, ते टाकून दुसरीकडे कोण निजणार, हे तुला नव्याने सांगायला नको. पूर्वी निदान आपण दोघी होतो. अर्धी रात्र मी अभ्यास करत जागायचे, उरलेली तू. तू उठून माझी वेणी ओढायचीस आणि म्हणायचीस, "मी हाय जागी. तू नीज." आबांचाच नियम होता ना, दुसऱ्याने तोंडाने तसं म्हटल्याशिवाय पहिल्याने डोळा मिटायचा नाही? ते शब्द ऐकले की मी पाटीवर डोकं टेकायच्या आत झोपलेली असायचे. तू गेलीस आणि ते म्हणणारं कोणी उरलं नाही. मी शहराच्या या टोकाला, अंबत्तूरला राहायला आले, नोकरी लागली, तरी माझी जागल अजून कोणी घेतलेली नाही.

तात्यांच्या नंतर मी दुकानात कॅमेरा बसवून घेतला. आबांना सांगितलं, चोरांसाठी. तो मी इथून फोनवर बघते. रात्रीचं चित्र राखाडी असतं. बाज, तिच्यावर घोंगडं, बाजूला भट्टी. धूर बाहेर फेकणारा पंखा त्या चित्रात येतच नाही, म्हणून तो चालू आहे की नाही कळत नाही. श्वासही दिसत नाही, अक्का. कितीही निरखलं तरी झोपलेला माणूस आणि दुसरा, यांत फरक दिसत नाही. म्हणून मी आबांनी कूस बदलायची वाट बघते. बदलली की फोन पालथा घालते. मग वाटतं, ही शेवटची असली तर? पुन्हा उघडते. असं उजाडेपर्यंत.

श्रीपेरुंबुदूरला माझं काम सर्किट बोर्ड भिंगाखाली तपासायचं आहे. परवा कपाळ भिंगाच्या दिव्यावर आपटलं. शेजारची कीर्तना म्हणाली, "जया, तू बोर्ड तपासतेस की बोर्ड तुला तपासतो?" सगळे हसले, मीही हसले. पण साहेबांनी बघितलं होतं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हे सुधारलं नाही तर कामावरून काढतील. आपल्या घरात शाळेचं तोंड बघितलेली मी पहिली, हे तू मला रागावताना किती वेळा म्हणायचीस. झोपेपायी ती नोकरी घालवली असं आबांना कसं सांगू?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. वाचलंस तरी पुरे.

जयू


अंबत्तूर
रविवार, १९ जुलै

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहिलंस: "जयू. पत्र पोचलं. तात्याचं कळलं नव्हतं. दोन दिस काम सुचलं न्हाई. तू येडी हायस. आबा झोपत्यात आन तू जागतीस, ही कसली जागल? नीज. — ऊर्मी."

खाली 'अक्का' असं लिहिलं नाहीस, ते मी पाहिलं. तक्रार करत नाही. पाहिलं एवढंच.

डॉक्टरबाईंना मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. गोळ्या परत घेतल्या आणि नियम दिले. फोन झोपायच्या खोलीत न्यायचा नाही. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर आडवं व्हायचं नाही. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. दिवसा डुलकी काढायची नाही. "तुमच्या शरीराला वाटतं की जागं राहणं ही आपली ड्यूटी आहे," त्या म्हणाल्या. "ते हळूहळू मोडावं लागेल."

फोन खोलीत ठेवायचा नाही, तर ठेवायचा कुठे? खाली सईबाईंकडे. सईबाई माझ्या घरमालकीण. त्यांचे पूर्वज तंजावरचे, कैक पिढ्या तिकडचे, म्हणून त्यांची मराठी पोथीतली वाटते आणि मध्येच तमिळ येतं. मी फोन घेऊन दारात उभी राहिले तर म्हणाल्या, "निद्रा येत नाही म्हणून इतकें तोंड पाडतेस काय गे? ये, बैस. जायफळ घालून ऊन ऊन पाल देतें, पी." दुधाला तमिळमध्ये पाल म्हणतात, हे आता तुला माझ्याहून चांगलं माहीत असेल. मराठी वाक्यात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेला खाली ठेवला होता.

"आणि फोन वाजला तर?" मी विचारलं.

"वाजला तर मी घेईन. मी म्हातारी, मला निद्रा कशास? देव नेईल तेव्हा निजेनच की पोटभर!"

त्यांना विनोद वाटला. मला दहाव्याचं ते वाक्य आठवलं. तरीही दूध प्यायले, तळपायाला तूप चोळून घेतलं, आणि अक्का, त्या रात्री मी झोपले. सलग. स्वप्नसुद्धा पडलं नाही.

सकाळी आबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कॅमेरा उघडला तर बाजेवर घोंगड्याचा ढीग, आणि त्या ढिगात माणूस आहे की नाही ते दिसेना. कंपनीची बस समोर उभी होती. कीर्तना दारातून हात हलवत होती. मी तिच्याकडे पाठ करून स्टेशनकडे पळाले. गाडीत उभ्याउभ्या माझ्या डोक्यात एकच चालू होतं: काल रात्री मी झोपले. एकच रात्र मी झोपले.

आबा दुकानाच्या गल्लीच्या तोंडाशी चहा पीत होते. फोन दुकानात राहिला होता. मला धापा टाकत येताना बघून त्यांना कळलं. पेला खाली न ठेवता मोठ्यांदा म्हणाले, "मेलो न्हाई अजून! जा कामावर!" चहावाल्याला मराठी येत नाही, तरी तो हसला. मीही हसले. मग तिथल्याच पायरीवर बसले.

त्या दिवसाचं काम बुडालं, साहेबांची ताकीद मिळाली. पण मला त्याचं एवढं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, शरीर शिकतं. माझं शरीर शिकलं ते उलटंच. आता डोळा लागायला आला की छातीत कोणीतरी शटर वाजवतं.

तू लिहितेस, नीज. कशी?

जयू


अंबत्तूर
सोमवार, २७ जुलै

अक्का,

काल जे झालं ते जसं झालं तसंच लिहायचा प्रयत्न करते. माझ्या पदरचं काही घालणार नाही.

रविवार म्हणून आबांकडे गेले होते. त्यांनी मटण केलं होतं, तिखट नेहमीसारखं हात सोडून. जेवण झाल्यावर ते बाजेवर आडवे झाले. मी "निघते आबा" म्हटलं आणि बाहेर आले. शटर अर्धं वर होतं. पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होते. हाताला सवयच आहे. काही कारण नसताना मी फोनवर कॅमेरा उघडला.

आणि शटरखालून आत बघितलं. कॅमेऱ्याच्या कडेला एक बारीक दिवा आहे. तो निळा झाला. इतके दिवस मी हा दिवा कधी बघितलाच नव्हता, कारण मी इकडून बघते तेव्हाच तो लागतो, आणि मी बघते तेव्हा तिथे नसते.

आबांचे डोळे उघडे होते. त्यांनी दिव्याकडे बघितलं, कण्हले, आणि कूस बदलली. चांगली मोठी, चित्रात दिसेल अशी. मी कॅमेरा बंद केला. दिवा विझला. ते परत उताणे झाले. मी पुन्हा उघडला. त्यांनी पुन्हा कूस बदलली. एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी, तसं.

मी आत गेले.

"आबा, कूस का बदलली?"

ते दचकले. "आँ? तू गेली न्हाईस व्हय?"

"का बदलली, सांगा."

"निळा लागला म्हंजे तू बघतीस. मग दावतो, हाय म्हनून."

"रात्रीसुद्धा?"

"रातीच की. दिसा कुठं बघतीस तू?"

"मग तुम्ही झोपता कधी?"

"तू झोपल्यावर." ते उठून बसले, घोंगडं गुंडाळायला लागले. "पर तू झोपतच न्हाईस, त्याला मी काय करू?"

मग आबा म्हणाले, "तात्याचं तुझ्या काळजात बसलंय, ते मला ठावं न्हाई व्हय? आन पोर जागी आसताना बापानं घोरायचं? शोभतंय का?"

घोंगडं गुंडाळताना त्यांची बाही वर सरकली. मनगटापासून वर भाजलेलं होतं. कातडी ओली, त्यावर हळद. मी हात धरला तर सोडवून घ्यायला लागले. "काय न्हाई. मूस कलली जराशी."

"कशी कलली? तुमच्या हातून आजवर कधी कलली नाही."

"झापड आली. जरा."

अक्का, तुला ती मूस माहीत आहे. आत वितळलेलं सोनं, पलीकडे तेजाबाची बरणी, आणि चिमट्याने ती उचलणारा माणूस रात्रभर जागलेला. मी दोन वर्षं भट्टीच्या धुराला भ्यायले. आबांची झोप मीच खाते आहे, हे मला एकदाही सुचलं नाही.

एक राहिलं. मी निघताना ते शटरला हात लावून उभे राहिले आणि विचारलं, "आन ती? तिकडं कोवलमला. झोपती का नीट?"

मी म्हटलं, माहीत नाही. बसने काही तासांत गाठता येणारं तुझं कोवलम, तरी माहीत नाही. मग ते आत गेले.

जयू


अंबत्तूर
शनिवार, ८ ऑगस्ट

अक्का,

तू विचारलंस, "आबानं मला इचारलं हे खरं, का तू मनचं घालतीस?" खरं आहे. नाव घेतलं नाही. 'ती' म्हणाले. पण गाव त्यांच्या तोंडात अचूक होतं, आणि ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. चार वर्षं ते 'मला एकच पोरगी' म्हणतात, हेही खरं आहे. दोन्ही लिहिते. तूच ठरव.

त्या सोमवारी रात्री मी ठरवलं की आता कॅमेरा उघडायचाच नाही. निळा लागणार नाही, आबा झोपतील. फोन सईबाईंना दिला आणि अंथरुणावर न पडता खुर्चीत बसून राहिले. मध्यरात्र उलटून गेल्यावर सईबाई काठी टेकत जिना चढून आल्या. "घे गे, तुझा बाप आहे. मी म्हटलें, मुलगी निजली. तर म्हणतो, दाखवा."

फोनवर आबा ओरडतच होते. "निळा का लागला न्हाई? मागं लागला न्हाई, तवा सकाळी धापा टाकत आलीस. बरी हायस ना? बोल!"

म्हणजे दिवा लागला तर मी जागी म्हणून ते जागे, आणि नाही लागला तर माझं काही झालं म्हणून ते जागे. सईबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "दोघें एकमेकांस राखतां आणि दोघें मरतां. तिसरें कोणी नाही काय गे तुमचें?"

मी म्हटलं, आहे.

तुझं दुसरं कार्ड मी बोर्ड तपासतानाही खिशात ठेवते. "पहाटं सासू किनाऱ्यावर मासळी घ्याया जाती. मी तिच्या आधी उठते, बोटी सुटायच्या टायमाला. न्हाईतरी जागीच आसते. उरलेली रात माझ्याकडं दे, पैल्यासारखी. — अक्का." खाली काय लिहिलंस ते मी पाहिलं. या वेळीही पाहिलं.

तुझे यजमान, नवीनभावजी, त्यावर काय म्हणाले, ते तू लिहिलं नाहीस. त्यांना विचार. त्यांच्या घरातल्या माणसाला रात्रीचं काम मी परस्पर लावू शकत नाही.

आता माझा बेत. आबांना मी अर्धाच सांगितला आहे. धुराचा वास येण्याआधीच हवा विषारी झाली की मोठ्याने वाजणारं एक यंत्र मिळतं. ते मी घेतलं आहे. इथे खोलीत वाजवून बघितलं, तेव्हा सईबाई वर धावत आल्या, काठी न घेता, म्हणजे त्याचा आवाज पुरेसा आहे. ते बाजेच्या उशाला लावायचं. बाज भट्टीपासून सरकवून शटरला लावायची. शटर हातभर वर ठेवून साखळीने जखडायचं. यावर आबा म्हणाले, "लोकांचं सोनं आत आन शटर उघडं? गल्ली हसंल मला." म्हणून सुरुवात अवसेला. अवसेला भट्टी पेटत नाही, आटणी नसते, गिऱ्हाइकांचा माल आदल्या दिवशी परत जातो. त्या रात्री राखायला दुकानात काही नसतं, आबांशिवाय.

आणि ती अवस दिव्यांची आहे. आई चिंच लावून सगळे दिवे घासायची आणि पाटावर मांडायची, ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मी त्या संध्याकाळी दुकानात दिवे लावणार आहे. मग आबांच्या समोर बसून माझ्या फोनमधून दुकानाचा कॅमेरा काढून टाकणार आहे, म्हणजे पुढे तो निळा दिवा का लागत नाही, याचं कारण त्यांना माहीत असेल. आणि त्या रात्री मी माळ्यावर निजणार.

पण जागल अशी टाकून देता येत नाही. कोणीतरी ती तोंडाने घ्यावी लागते. पुढे रोज पहाटे तू फोन लावशील, आबांनी उचलला की झालं. पहिल्या दिवशी मात्र फोन नको. शक्य असेल तर तू ये. कोवलमहून दुपारच्या बसने निघालीस तर दिवे लागायच्या वेळी पोचशील. आबा काय करतील ते मी सांगू शकत नाही. पाठ फिरवतील, कदाचित उठून गल्लीत जाऊन उभे राहतील. तू पायरीवरच उभी राहा, आत यायची घाई करू नकोस. शटर हातभर तरी उघडं असेल, आवाज आत पोचेल. तेवढंच म्हण, जे माझी वेणी ओढून म्हणायचीस.

तू आली नाहीस तरी मी कॅमेरा काढणार, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तुझ्यावर भार टाकायचा म्हणून नाही. मला फार भीती वाटते, अक्का. हे लिहितानाही हात थांबला आणि मी फोनकडे बघितलं. कॅमेरा उघडला नाही. नाही, हे बरोबर नाही. उघडला, आबांनी कूस बदलली, आणि मी लगेच बंद केला, त्यांनी परत उताणं व्हावं म्हणून.

दिव्यांची अवस या आठवड्यात आहे. बुधवारी, १२ ऑगस्टला.

जयू